पाणघोड्याच्या पानाची राखण

सोमवार, ३ तारीख

लिही, सूनबाई. आजपासून मी रोजनिशी ठेवणार. म्हणजे ठेवणार मी आणि लिहिणार तू. मी अक्षरशत्रू. हे शत्रुत्व मी सुरू केलेलं नाही. लहानपणी अक्षरांनी माझ्याकडे पाठ फिरवली, मग मीही मान वळवली. तेव्हापासून आमचा अबोला आहे आणि दोघांचंही बरं चाललंय.

कल्पना माझी नाही, तुझी. हो, तसंच लिही. काल ही मला म्हणाली, "आई, मी काम करत असताना तुम्ही दिवसभर मध्येमध्ये बोलता. माझी ओळ तुटते. काय बोलायचं ते साठवून ठेवा, संध्याकाळी मी सगळं लिहून घेईन." म्हणजे ही रोजनिशी नव्हे, बाटलीला लावलेलं बूच आहे. पण गोड बोलून लावलं, म्हणून मी लावून घेतलं.

अटी ठरल्या. मी सांगेन ते तसंच्या तसं लिहायचं, नटवायचं नाही. तिची अट अशी, की जिथे तिला पटणार नाही तिथे ती कंसात आपलं म्हणणं घालणार. कंस म्हणजे काय विचारलं, तर म्हणे दोन वाकड्या रेघा, एक इकडे, एक तिकडे. म्हटलं, चालेल. सुनेचं म्हणणं कुंपणात राहिलेलं बरं.

(आज आई दिवसभर गप्प होत्या असं कुणाला वाटेल. गप्प नव्हत्या. आवाज कमी होता. — लिहिणारी)

बघा, पहिल्याच दिवशी कुंपण बांधलं. काय लिहिलंस गं? वाच. हं. असू दे.

मंगळवार, ४ तारीख

आमच्या घरात सध्या दोन तऱ्हेची पानं आहेत. एक मी जेवायला वाढते ते आणि एक ही लॅपटॉपवर उघडते ते. दोन्ही एकाच टेबलावर.

दुपारी मी हाक मारली, "अगं, पान वाढलंय."

ती दचकून म्हणाली, "वाढलंय? कुणी वाढवलं? सकाळीच तर मी कापून निम्मं केलं होतं!"

भात निवला, पण मी हसून घेतलं.

तिची नोकरी प्राणिसंग्रहालयात आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरलेच, म्हटलं आता हिच्या कपड्यांना वास येणार. पण ही प्राण्यांच्या जवळपासही जात नाही. घरीच जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांच्याबद्दलची पानं लिहिते, आणि ती पानं कुणालाही आपल्या फोनवर दिसतात. वाघाचं एक, जिराफाचं एक, तिकिटांचं एक. सध्या हिच्याकडे पाणघोडा आहे. त्याला नवं घर बांधून होतंय, त्याचं मोठं पान हिनं लिहायचंय.

मी म्हटलं, "पाणघोड्याला पान कशाला? वाचता येतं का त्याला?"

"त्याला नाही आई, लोकांना."

"मग तो आणि मी एका वर्गातले."

तेव्हापासून मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटतो. अंगानंही आम्ही काही फार लांबचे नाही.

(आई तशा अजिबात नाहीत.)

हे कुंपणातलं मला आवडलं. राहू दे.

एक सांगायचं राहिलं. हिला अजून कायम केलेलं नाही. तीन महिने परीक्षा आहे, त्यातला हा शेवटचा. महिनाअखेरीला तिच्या वरच्या मोठ्या बाई ठरवणार. म्हणून ही आजकाल चहासुद्धा उभ्यानं पिते.

गुरुवार, ६ तारीख

आज कुलूप प्रकरण कळलं.

त्या यंत्रात एक पान एका वेळी एकाच माणसानं दुरुस्त करायचं. उघडलं की पानावर छोटंसं कुलूप येतं आणि त्याखाली उघडणाऱ्याचं नाव. तो बाहेर पडेपर्यंत बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. मी म्हटलं, यात नवीन काय? सतरा माणसांत एक न्हाणीघर असलेल्या घरात मी नांदले. आत कुलूप लावून बसणारे मी खूप पाहिलेत. सासऱ्यांबद्दल लिहू का नको म्हणून थांबू नकोस, लिही. तुझे सासरे वर्तमानपत्र घेऊन जायचे.

तर हिच्याबरोबर आणखी एक माणूस परीक्षेवर आहे. तो सकाळी पाणघोडा उघडतो, कुलूप लावतो आणि जेवायला निघून जातो. ही इकडे बोटं मोडत बसते. मी त्याचं नाव कुलूपवाला ठेवलंय. माझ्या डोळ्यांसमोर तो स्वच्छ दिसतो: जाड मान, जाड मिशी, जेवल्यावर पट्टा सैल करणारा.

हिनं पाणघोड्याला 'अवाढव्य' लिहिलं की तो येऊन 'प्रचंड' करतो. ही पुन्हा 'अवाढव्य' करते. तो पुन्हा 'प्रचंड'. मी म्हटलं, "अगं, पाणघोड्याला विचारा ना."

मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस." आमचा मुलगा घरात असतो, म्हणजे त्याच्या चपला असतात. त्यानं मला काय करू नको ते सांगावं!

सोमवार, १० तारीख

मला नोकरी लागली.

झालं असं. नातीची शाळेची गाडी दुपारी फाटकाशी येते आणि हिला तिला आणायला खाली जावं लागतं. लॅपटॉपला कुणी हात लावला नाही की थोड्या वेळानं पडद्यावर चौकट येते. चौकटीचं उत्तर दिलं नाही तर कुलूप आपोआप गळून पडतं आणि कुलूपवाला टपलेलाच असतो. म्हणून ही मला म्हणाली, "आई, मी वर येईपर्यंत एवढं राखाल? चौकट आली की हिरवं बटण दाबायचं. करडं नाही. हिरवं."

"हिरव्यावर काय लिहिलंय?"

"'मी अजून आहे.'"

"आणि चौकटीत काय विचारलंय?"

"'तुम्ही अजून आहात का?'"

माझ्या वयाच्या बाईला हा प्रश्न तोंडावर विचारायला माणसं लाजतात. यंत्राला लाजबीज काही नाही. मी विचारलं, "आणि करड्यावर?"

"'सोडलं.' ते दाबायचं नाही."

मी म्हटलं, ते मी आपणहून कशाला दाबेन? ज्याला दाबायचंय तो दाबेलच की एक दिवस.

(आईंनी हे हसत हसत सांगितलं. मला लिहिताना हसू आलं नाही.)

मंगळवार, ११ तारीख

आज नातीची गाडी उशिरा आली. यंत्रानं पुन्हा पुन्हा विचारलं, आहात का, आणि दरवेळी मी हिरवं दाबून सांगितलं, आहे बाबा, आहे. आमचे नातेवाईक दिवाळं निघाल्यासारखे फोनच करत नाहीत, इथे हे यंत्र बघा किती काळजीनं विचारतं. ही वर आली तेव्हा कुलूप शाबूत. मी म्हटलं, तुझ्या पाणघोड्याच्या अंगावर माशी बसू दिली नाही.

ती म्हणाली, "आई, तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं."

हे वाक्य दोनदा लिही.

(आई, तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं.)

शुक्रवार, १४ तारीख

आज कुलूपवाल्याची आणि माझी गाठ पडली.

मी राखणीला बसले होते. लॅपटॉप एकाएकी वाजायला लागला. पडद्यावर दोन बटणं, एक लाल, एक हिरवं. मला शिकवलंय हिरवं दाबायचं, मी दाबलं. तर समोर माणूस!

मिशी नाही. मान तर इतकी बारीक की सदऱ्याची गळपट्टी एकीकडे आणि मान एकीकडे. माझी घोर निराशा झाली.

"नमस्कार आजी. मॅडम आहेत का?"

"खाली गेल्यात. मी राखणदार."

"आजी, पाणघोड्याचं पान जरा सोडता येईल का? मला फक्त एक स्वल्पविराम टाकायचाय."

"तो काय असतो?"

"थोडं थांबायची खूण असते, आजी."

"मग थांबा की थोडं!"

तो हसला. हसल्यावर बरा दिसतो, हे मला आवडलं नाही. मी विचारलं, रोज कुलूप लावून जेवायला का जाता? म्हणाला, वडील अंथरुणावर आहेत, त्यांना भरवायला जावं लागतं, गडबडीत पान बंद करायचं राहून जातं. मी म्हटलं, बरं बरं. चांगल्या माणसांची हीच पंचाईत असते, त्यांच्यावर बोलायला काही उरत नाही.

मग तो म्हणाला, "आजी, जागा एकच आहे. मॅडम माझ्याहून चांगलं लिहितात, हे मलाही माहीत आहे. पण कायम झालं की रोज ऑफिसात यावं लागेल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मॅडमना घर सोडून जमेल का?"

मी म्हटलं, "जमेल की. न जमायला काय झालं?"

घर सोडून हे मला नवीन होतं.

शनिवार, १५ तारीख

काल रात्री विचारलं नाही, आज सकाळी विचारलं. "रोज जावं लागणार, हे तू मला का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "अजून कुठे काय झालंय, आई. झालं की सांगणार होते."

मी म्हटलं, मला काय! उलट घर शांत होईल. पंखा माझ्या मनासारखा लावता येईल. टेबलावर पसारा नाही. दुपारी गाणी मोठ्यानं लावीन. नातीला आणायला शेजारची बाई जाईल, तिलाही चालायला बरं. मला कसली अडचण आहे? काहीच नाही. चार वेळा सांगितलं तिला, काहीच नाही.

(सहा वेळा.)

मंगळवार, १८ तारीख

आज लॅपटॉपचा चार्जर सापडत नव्हता. अख्खं घर उलथंपालथं केलं. मीही शोधला, सोफ्याखाली वाकून शोधला, गुडघा दुखेपर्यंत. शेवटी पिठाच्या डब्यात निघाला. तिथे कसा गेला देव जाणे. घरात लहान मूल असलं की असं होतं.

(डबा सगळ्यात वरच्या फळीवर होता. झाकण घट्ट लावलेलं होतं.)

वरच्या फळीवर माझा हात पोचत नाही, हे साऱ्या जगाला माहीत आहे.

(स्टूल फळीखालीच होतं. स्टुलावर आईंचा रुमाल होता.)

आज एवढंच.

गुरुवार, २० तारीख

आज संध्याकाळी लिहायला बसल्यावर हिनं पेन उघडलंच नाही. म्हणाली, "आई, आज आधी मी बोलते, मग तुम्ही सांगा."

म्हणाली, "लेक झाली तेव्हा मी नोकरी सोडली. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून या घरात मी 'अगं' आहे, 'सूनबाई' आहे, 'मम्मी' आहे. तक्रार नाही. पण त्या यंत्रात मी एक ओळ बदलली तरी तिच्याशेजारी माझं नाव येतं. पहिल्या मीटिंगमध्ये मोठ्या बाईंनी मला नावानं हाक मारली, तर मी ओच दिली नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावतायत."

मग गंमत म्हणून मी तिला नावानं हाक मारून पाहिली. दोघींनाही कसंतरीच झालं. ती म्हणाली, "नको आई, भीती वाटते, काहीतरी चुकलंय असं वाटतं."

पण मग स्वयंपाकघरात जाऊन ती ते नाव हळूच स्वतःशी म्हणत होती. मला ऐकू येतं. ऐकू येत नाही असं मी दाखवते, त्याचा फायदा.

(हे मला माहीत नव्हतं.)

सोमवार, २४ तारीख

लवकर लिहून टाक आणि मिटव.

आज पाणघोड्याचं पान मोठ्या बाईंकडे जायचं होतं. पाच वाजेपर्यंत. हिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सगळं झालं होतं, शेवटची नजर फिरवायची राहिली होती. तेवढ्यात शाळेतून फोन, गाडी बंद पडली, मुलांना येऊन घेऊन जा. ही चपला घालता घालता म्हणाली, "आई, हिरवं. विसरू नका. सगळं तुमच्यावर आहे."

मी बसले. समोर पाणघोड्याचं चित्र होतं. पाण्यात बुडालेला, नुसते डोळे आणि कान वर. त्याच्याकडे बघत राहिले. चौकट आली. विचारलं, तुम्ही अजून आहात का?

मग माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कुलूप उघडलं होतं आणि खालचं नाव बदललं होतं. मला वाचता येत नाही, पण हिच्या नावाचा आकार मला ठाऊक आहे, तो तिथे नव्हता. ही वर आली तोवर पान कुलूपवाल्याच्या नावावर जाऊन पोचलंसुद्धा होतं. सगळ्यांना दिसायला लागलं होतं.

मी म्हटलं, "डोळा लागला गं माझा."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही. तिनं भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

मुलाला कळलं तेव्हा तो हसत म्हणाला, "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं." त्याला तेवढीच एक म्हण येते. आजच आठवायची होती.

बुधवार, २६ तारीख

काल लिहिलं नाही. काल आम्ही दोघी फार शहाण्यासारख्या वागत होतो.

आज सकाळी ही लॅपटॉपसमोर बसून वर खाली काहीतरी बघत होती. काम नव्हतं ते. मी विचारलं, "काय बघतेस?"

"इतिहास."

"कुठल्या राजाचा?"

"पानाचा. त्यावर कुणी, कधी, काय केलं, सगळं राहतं आई. पुसलं जात नाही. कुलूपसुद्धा कधी लागलं, कसं सुटलं, तेही लिहिलेलं असतं."

"कसं सुटलं म्हणजे? कुलूप काय, सुटायचं तसं सुटतं."

"नाही. दोन तऱ्हेनं सुटतं. कुणी उत्तर दिलं नाही आणि आपोआप सुटलं, तर 'वेळ संपली' असं येतं. कुणी बटण दाबून सोडलं, तर 'सोडलं' असं येतं."

मी पदर सारखा केला. म्हटलं, "मग आता काय आलंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "चहा ठेवू का?"

आम्ही चहा घेतला. साखर जास्त झाली होती, मी काही बोलले नाही. काय आलंय ते मला कसं कळणार, मला वाचता येत नाही.

बाकी दिवस सुना गेला. दुपारी ही आंघोळीला गेली तेव्हा मी नुसती बसून होते. कुणाशी काही बोलले नाही.

(लॅपटॉपवर दुपारचा अकरा मिनिटांचा कॉल दिसतो.)

चुकून लागला असेल. मांजर.

(आपल्याकडे मांजर नाही.)

शुक्रवार, २८ तारीख

मोठ्या बाईंनी लॅपटॉपवर मीटिंग घेतली. मला खोलीत थांबायची परवानगी होती, बोलायची नव्हती. मी दाराआड खुर्ची घेतली.

कुलूपवाला आधी बोलला. म्हणाला, "बाई, पाणघोड्याचं पान माझ्या नावावर दिसतंय, पण मजकूर मॅडमचा आहे. मी दोन स्वल्पविराम टाकले आणि पाठवलं. पाच वाजत आले होते, पान वेळेत पोचणार नाही म्हणून पाठवलं. नावाचा विचार नंतर आला. इतिहास उघडून बघा."

मोठ्या बाई म्हणाल्या, "मी बघितलाय. मला फक्त बघायचं होतं, कुणी आपणहून सांगतं का."

मग त्यांनी हिला नावानं हाक मारली आणि सांगितलं, की जागा तुमची. एक तारखेपासून या. कुलूपवाल्याला आणखी तीन महिने पक्ष्यांची पानं दिली. पक्षी खूप आहेत म्हणे, त्याला पुरतील.

ही उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मग दाराआड येऊन माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. म्हटलं, "आधी जेव, मग पड. चार दिवस नुसता चहा पितेयस."

कुलूपवाल्यानं जाता जाता विचारलं, "आजी आहेत का? त्यांना सांगा, औषध लागू पडलं."

ही माझ्याकडे बघायला लागली. मी पंख्याकडे बघायला लागले.

(नंतर मी त्यांना फोन करून विचारलं. परवाच्या कॉलमध्ये ते म्हणाले होते, 'पान माझ्या नावावर गेलंय, तेव्हापासून बरं वाटत नाही.' त्यावर आई म्हणाल्या होत्या, 'औषध तुमच्याच तोंडात आहे, उघडा की.' त्यांनी विचारलं, 'कुलूप मॅडमनी सोडलं का?' आई म्हणाल्या, 'छे. पाणघोड्यानं सोडलं. म्हातारा झाला की एकटं राहायला घाबरतो तो.')

एवढं मोठं काय लिहितेयस कंसात? वाच बघू. का नाही वाचत? बरं, नको वाचूस.

रविवार, ३० तारीख

उद्या संपला की परवापासून ही जाणार. डबा भरून ठेवायचा ठरलंय, तो मी भरणार. टेबल रिकामं झालं. वायरी गेल्या, कागद गेले. टेबल एवढं मोठं होतं हे मी विसरलेच होते. मुलगा म्हणाला, चला, आता चौघांना एका वेळी जेवता येईल. चौघं कधी एका वेळी असतात, ते त्यानं सांगितलं नाही.

हिनं दुपारी लेकीला फाटकापासून एकटीनं वर यायला शिकवलं. ती वर आली आणि म्हणाली, "आजी, मी आले." मी म्हटलं, "ये बाई. आता दुपारचं राज्य आपल्या दोघींचं. आईला काय काय सांगायचं नाही, ते आधी ठरवू."

संध्याकाळी ही वही घेऊन बसली. मी म्हटलं, आता कशाला, आता तुझी ओळ तोडायला मी दिवसभर जवळ नाही. बूच काढून टाक.

ती म्हणाली, "बूच नाही ते, आई. रात्री जेवण झालं की मी बसणार. तुम्ही दिवसभराचं साठवून ठेवायचं. फार साठलं तर फुटाल म्हणून."

मी म्हटलं, बघू. तेव्हा तू दमलेली असशील.

"दमलेली असेन. लिहीन."

मग तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "एकच विचारते, आई. कंसात नाही, सरळ विचारते. त्या दिवशी करडं बटण तुम्ही मुद्दाम दाबलंत ना?"

मी म्हटलं, पेन उचल. उत्तर वहीत देते. लिही, सासू म्हणाली, हो.

लिहिलंस? वाच बघू.

वाचलं तिनं. "सासू म्हणाली, नाही."

बरोबर, तेच सांगितलं होतं मी. फक्त एक आहे. 'नाही' म्हणताना तोंड दोनदा हलतं, आणि हिचं पेन एकाच अक्षरापुरतं टेकलं आणि उचललं. आंधळी नाही मी, अडाणी आहे.

असू दे. खोडू नकोस.